लिहायचं कधी?

पत्र:

ताई, मी वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४१. कथा लिहिते, तीन छापून आल्यात. जानेवारीत सातारला साहित्य संमेलन झालं, तेव्हा आम्ही दहा-बारा जण रोज एसटीनं जाऊन-येऊन होतो. परतीच्या गाडीतच ठरलं, की आपलंही एक लेखक मंडळ हवं. आता आम्ही ३४ जण आहोत आणि मी चिटणीस. वर्गणी आणि एका देणगीचे मिळून ६०,००० रुपये जमलेत, त्यात वर्षभराचे कार्यक्रम बसवायचेत. पण तीन तट पडलेत. ज्येष्ठांना एक मोठं नाव आणून दणक्यात व्याख्यान हवंय. ज्यांचं नाव निघालं ते ४५,००० म्हणतात. तरुण पोरांना '२१ दिवसांत कादंबरी' शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाची कार्यशाळा हवीय. काही जण म्हणतात, भिलार-पाचगणीकडं दोन रात्रींचं निवासी लेखन शिबिर घेऊ. तिथला दर माणशी दिवसाला १,८०० सांगितलाय. पण आमच्यातल्या १३ बायकांपैकी ९ जणी रात्री बाहेर राहू शकणार नाहीत. त्यात आमचे आप्पा प्रत्येक बैठकीत ४० मिनिटं कविता म्हणतात. काय करू? (फेब्रुवारीपासून मी स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. पण तो वेगळा विषय.)
– एक चिटणीस, वाई

उत्तर:

चिटणीसबाई, तो वेगळा विषय नाही. तुम्ही कंसात टाकलेल्या त्या वाक्याला मी आधी उत्तर देणार आहे, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची मुळं तिथंच आहेत.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही एका शिबिराची संयोजक होते. तीन दिवस, छत्तीस माणसं, डोंगरातली जागा. पत्रिका छापली होती, ती अजून माझ्याकडं आहे. सकाळी सहाला योगासनं, साडेसातला नाश्ता, नऊला उद्घाटन. मग कथा, कादंबरी, कविता, ललित, बालसाहित्य, अनुवाद अशी सत्रं, मध्ये गटचर्चा आणि रात्री दहाला शेकोटीभोवती कविसंमेलन. कुठं म्हणून पाच मिनिटांची फट ठेवली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता. तिसऱ्या दिवशी मनोगतं झाली. सगळ्यांनी भारावून वगैरे बोलून घेतलं. शेवटी तलाठी कार्यालयातले एक गृहस्थ उठले. तीन दिवस ते कोपऱ्यात बसून होते. म्हणाले, "सगळं उत्तम झालं. फक्त एक विचारायचं होतं, लिहायचं कधी?" लोक हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण त्या तीन दिवसांत छत्तीस जणांपैकी एकानंही एक पान लिहिलं नव्हतं. माझी तर वहीच पिशवीतून बाहेर आली नव्हती. तिच्या मागच्या पानावर चादरींचा हिशेब होता.

तेव्हापासून कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमाला मी तोच प्रश्न लावते. याच्यामुळं कुणाच्या हातून पान लिहिलं जाणार आहे का, किंवा लिहिलेलं पान कुणी नीट वाचणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो करमणुकीचा कार्यक्रम. करमणुकीला माझी ना नाही, पण मग मंडळाचे पैसे तिच्यावर घालू नयेत.

या मापानं ४५,०००चं व्याख्यान पहिल्या फटक्यात बाद होतं. तुमच्या साठ हजारांतला पाऊण वाटा दीड तासात संपेल. त्या दीड तासातही दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांत पाऊण तास जाईल. आपल्याकडं व्याख्यानाची हौस जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि गावोगावी आपण तिचाच साचा गिरवतो. पण त्या व्याख्यानमाला श्रोते घडवायला निघाल्या होत्या. तुम्हाला लेखकांचं मंडळ चालवायचंय.

व्याख्यानं बंद करा असं म्हणत नाही. वर्षाला चार ठेवा आणि वक्ते जवळचे बघा. वाईत राहून वक्ता बाहेरून आणायचा म्हणजे काखेत कळसा. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तुमच्याच गावात बसून केलं. पहिला खंड १९७६ला निघाला. त्या कामात आयुष्य गेलेलं एखादं निवृत्त माणूस अजून गावात असेल. त्यांना बोलवा आणि एवढंच विचारा, की नोंद कशी लिहायची? चार पानांचा मजकूर वीस ओळींत बसवताना काय ठेवायचं, काय टाकायचं? कथाकाराला याच्यासारखा धडा नाही. मेणवलीच्या घाटावर इतकी वर्षं सिनेमांची चित्रीकरणं होताहेत, तर चित्रीकरणाची व्यवस्था बघणारा कुणी तालुक्यात सापडेलच. लिहिलेला प्रसंग जागेवर आल्यावर कसा बदलतो, कुठला संवाद उडतो आणि का, हे त्याच्याकडून ऐका. असा वक्ता तीन हजारांत आनंदानं येईल. आकडा आधीच सांगा आणि पाकीट कार्यक्रमाआधी द्या. "मानधनाचं नंतर बघू" हे वाक्य तुमच्या मंडळात कुणी उच्चारू नये, गावातल्या माणसाबाबत तर मुळीच नाही. प्रास्ताविक दोन मिनिटं. शाल नको, कपाट उघडून बघा, प्रत्येकाकडं आठ शाली आहेत.

आता कार्यशाळा. माझं ऐकणार असाल तर जास्तीत जास्त पैसे इथं घाला.

'कार्यशाळा' हा शब्द आपण फार बदनाम केलाय. एक जण फळ्यापाशी उभा राहून कथेचे घटक सांगतो, साठ जण उतरवून घेतात, संध्याकाळी प्रमाणपत्र. तो झाला वर्ग. ज्या शाळेत काम म्हणून काही होतच नाही, तिला कार्यशाळा का म्हणायचं? पूर्वी मासिकाचा संपादक हे काम टपालानं करायचा. सत्यकथेत श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखी माणसं होती. कथा परत यायची ती कुठं सैल पडलीय, कुठं घाई झालीय, हे सांगणारं पत्र घेऊन. लेखक चिडायचा, आठ दिवस धुमसायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा. सत्यकथा १९८२ला बंद पडली. असं पत्र लिहायला सवड असलेले संपादक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा ते काम मंडळालाच करावं लागणार.

त्याची रीत सांगते. एका कार्यशाळेला आठ लेखक, नववा नाही. प्रत्येकानं बाराशे शब्दांपर्यंतचा मजकूर किंवा तीन कविता चौदा दिवस आधी द्यायच्या. सगळ्या पानांच्या प्रती आठही जणांना आणि मार्गदर्शकाला जातील, आणि सगळे ती घरी वाचून, समासात पेन्सिलीनं खुणा करून येतील. कार्यशाळेच्या दिवशी प्रत्येकाच्या पानांना ४० मिनिटं. आठांचे होतात ५ तास २० मिनिटं; जेवण आणि दोन चहा धरले तर दिवस भरला. म्हणून आठ. नवव्याला घेतलंत, की संध्याकाळी सगळ्यांचा जीव घड्याळात.

त्या ४० मिनिटांतली पहिली १५ ज्याची पानं आहेत त्यानं तोंड उघडायचं नाही. हे फार अवघड जातं. "तिथं मला असं म्हणायचं होतं" हे ओठांवर येतंच. पण म्हणायचं होतं ते पानावर आलं नाही, हेच तर त्याला ऐकायचंय. 'छान', 'हृदयस्पर्शी', 'आवडली' या शब्दांना त्या दिवशी बंदी. बोलणाऱ्यानं पानावर बोट ठेवून सांगायचं: या परिच्छेदात मी थांबले, ही सासू मला दिसली नाही, इथं शेवट झालाय आणि पुढची दीड पानं उगाच आहेत. पानांबद्दल बोलायचं, ती लिहिणाऱ्याच्या घराबद्दल, जातीबद्दल, नवऱ्याबद्दल नाही. हा नियम आधी कागदावर लिहून द्या, कारण कधी ना कधी कुणीतरी तो मोडणार आणि तेव्हा कागद दाखवावा लागेल. आणि दुसऱ्याची पानं व्हॉट्सॲपवर पुढं पाठवायची नाहीत. दिवाळी अंकांना अप्रकाशित मजकूर लागतो, आणि चार गटांत फिरून आलेल्या कथेला अप्रकाशित कसं म्हणायचं, यावर मी एकदा रडारड पाहिलेली आहे.

मार्गदर्शक कोण? नामवंत लेखक हवाच असं नाही. चांगला लिहिणारा चांगला वाचणारा असतोच असंही नाही. एखाद्या दिवाळी अंकाचा संपादक, प्रकाशनगृहात संपादन केलेलं माणूस, कसलेला अनुवादक बघा. अनुवादकासारखं शब्द न् शब्द वाचणारं दुसरं कुणी नसतं. त्यांना १०,००० मानधन आणि ३,००० प्रवास-मुक्कामासाठी द्या आणि स्पष्ट सांगा, की हे भाषणाचे पैसे नाहीत, आठ जणांची पानं आधी वाचून येण्याचे आहेत. अशा दोन कार्यशाळांचे २६,००० होतात. ज्यांनी पानं दिली नाहीत त्यांना 'नुसतं बसायला' घेऊ नका. प्रेक्षक आले, की लेखक अंग चोरतो. वर्षात सोळा जणांचा नंबर लागेल, बाकीचे पुढच्या वर्षी.

२१ दिवसांत कादंबरीबद्दल फार लिहीत नाही. तरुण मंडळींना रागावू नका, त्यांना शिस्त हवीय आणि ती मागणी खरी आहे. प्रशिक्षकांना फक्त दोन गोष्टी विचारा: आमची पानं तुम्ही स्वतः वाचणार का, आणि किती? शेवटी 'तुमचं पुस्तक आम्ही काढून देतो, शंभर प्रती तुम्ही घ्यायच्या' असं काही आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर तो धंदा छपाईचा आहे, कार्यशाळा हे त्याचं दुकान. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती माहिती आणून पोरांच्या हातात द्या. व्याख्यानाचा एक विषय तोही होऊ शकतो.

शिबिराकडं येते. भिलारचा मोह मला समजतो. २०१७च्या मे महिन्यात ते 'पुस्तकांचं गाव' झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. तुमच्यापासून पसरणीचा घाट चढला, की पाचगणी, आणि पुढं थोड्या अंतरावर भिलार. पण हिशेब करून बघा. बारा माणसं, दोन दिवस, १,८०० दरानं ४३,२०० होतात. म्हणजे चौतीसांतल्या बारा जणांवर जवळपास पाऊण थैली रिकामी, आणि त्या बारांत बायका फार तर चार. शिल्लक उरलेल्या ९ जणींनी वर्गणी कशासाठी भरली?

त्यांना "घरी विचारून बघा ना" असं म्हणू नका. त्यांनी विचारलंय किंवा विचारायची सोय नाही हे त्यांना ठाऊक आहे. शिबिराला रात्र लागते हे कुणी ठरवलं? दिवसाचं शिबिर घ्या. लागोपाठ तीन शनिवार, सकाळी नऊ ते पाच, वाचनालयाच्या वरच्या खोलीत किंवा सुट्टीत रिकाम्या असलेल्या एखाद्या शाळेत. पत्रिका एका ओळीची: नऊ ते एक लेखन, एक ते दोन जेवण, दोन ते चार लेखन, चार ते पाच ज्याला वाचून दाखवावंसं वाटेल त्यानं वाचायचं. व्याख्यान नाही, मार्गदर्शक नाही, योगासनंही नाहीत. फोन दाराशी टोपलीत. घरून निरोप आला तर उचलायला एक जण आळीपाळीनं बसेल. सोळा जण, माणशी २५० रुपयांचं जेवण-चहा, तीन दिवसांचे १२,०००.

जेवणाचा मुद्दा किरकोळ समजू नका. "डबे आणू या, अंगतपंगत करू" असं कुणीतरी म्हणणारच, आणि फार प्रेमानं म्हणेल. त्याचा अर्थ तुमच्या तेरा जणी शनिवारी पहाटे पाचला उठून पोळ्या लाटणार, घरच्यांचं झाकून ठेवणार आणि साडेनऊला दमून, उशिरा आल्याबद्दल ओशाळत खोलीत शिरणार. जेवण बचत गटाला सांगा. ताटं उचलायला पुरुष.

भिलारची ओढ तरीही राहिलीच, तर हिवाळ्यात एक दिवस सगळे मिळून जाऊन या, संध्याकाळच्या एसटीनं परत. सहलीला सहल म्हणावं आणि ज्याचं त्यानं तिकीट काढावं.

आता जोडा: दोन कार्यशाळा २६,०००, शिबिर १२,०००, चार व्याख्यानं १२,०००. पन्नास झाले. राहिलेले दहा झेरॉक्स, चहा आणि अडीअडचणीला. त्यातलेच थोडे अशा सभासदासाठी बाजूला ठेवा, ज्याला वर्गणी किंवा एसटीभाडं जड जातंय. आणि ते कुणाला दिले हे खजिनदाराशिवाय कुणाला, तुम्हालाही, कळायला नको.

तारखांचं बोलू. आत्ता मे संपत आलाय, त्यात अधिक ज्येष्ठ चालू. निम्म्या सभासदांकडं जावई येणार नाहीतर निम्मे जावई म्हणून जाणार. १५ जूनपर्यंत बैठकीला कुणी हाताला लागणार नाही हे गृहीत धरा. पण दिवाळी अंकांना कथा पाठवायची तर ती जुलैत हातावेगळी व्हायला हवी, ऑगस्ट म्हणजे फार उशीर. म्हणून पहिली कार्यशाळा जूनच्या शेवटच्या रविवारी, २८ला ठेवा, पानं १४पर्यंत मागवा. नंतर दुरुस्तीला तीन-चार आठवडे मिळतात. शेतीवाले सभासद पेरणीत असतील, त्यांची नावं दुसऱ्या कार्यशाळेला धरा, ती फेब्रुवारीत. शिबिर दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यानंतर. पौष पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा, पुढं कृष्णाबाईचा उत्सव, रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा तो नवसाचा गाडा. या दिवसांत काही ठरवलंत तर तुम्ही आणि आप्पा असे दोघंच असाल. उलट बगाडाच्या दिवशी मंडळाला सुट्टी द्या आणि सांगा, की जाऊन या आणि बैलांच्या खांद्यांबद्दल, दोरांबद्दल, धुळीबद्दल एक पान लिहून आणा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. ३४ जणांत गावालगतच्या सोनगीरवाडी, सिद्धनाथवाडीच्या पलीकडचे किती? धोमच्या वरचे, जोर-जांभळीकडचे कुणी आहेत का? तुमच्या बैठका कधी होतात ते पत्रात नाही, पण मंडळं साधारण रविवारी संध्याकाळी सहाला भरतात, आणि खोऱ्यात परत जाणाऱ्या माणसाची एसटी तोवर निघून गेलेली असते. मग आपण म्हणतो, तिकडं कुणी लिहीत नाही. कोण आत आणि कोण बाहेर, हा वाद जुनाच आहे. रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ला पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, त्याला आपण पहिलं संमेलन म्हणतो. १८८५च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी का येणार नाही हे कळवणारं खरमरीत पत्र लिहिलं. ते पत्र मंडळात एकदा मोठ्यानं वाचा, अर्धा तास बोलायला पुरेल. आणि महिन्याची एक तरी बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी घ्या. माणसं त्या दिवशी तशीही गावात येतात.

राहिले आप्पा. ४० मिनिटं कविता म्हणणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी एकही कविता नीट वाचून उत्तर दिलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. टाळ्या मिळतात, म्हणून तो आणखी म्हणतो. त्यांना पहिल्या कार्यशाळेत घ्या. तीन कविता, कागदावर, आणि त्यांच्यावर आठ जणांच्या पेन्सिलीच्या खुणा. ते रुसतील किंवा त्या तीनांतली एक दुरुस्त करून आणतील. मासिक बैठकीत मात्र प्रत्येकाला सहा मिनिटं, आणि घड्याळ मंडळातल्या सगळ्यात लहान सभासदाच्या हातात द्या. नातवाच्या वयाच्या पोरीनं "आप्पा, झाली वेळ" म्हटलं, की ते बसतात.

आणि तुम्ही. चिटणीसपद एका वर्षाचं करा, ते येत्या बैठकीत मांडा, म्हणजे मार्चनंतर ते दुसऱ्याकडं जाईल. नावनोंदणीच्या टेबलावर बसायचं नाही. तिथं ज्यांना मोठं व्याख्यान हवं होतं त्यांच्यापैकी कुणाला तरी बसवा, त्यांना माणसांची हौस आहे. २८ जूनच्या आठ नावांत पहिलं नाव तुमचं टाका. लिहिलेलं काही नाही म्हणाल. फेब्रुवारीआधी अर्धवट सोडलेली कथा असेलच, तीन छापून आलेल्या माणसाकडं चौथी अर्धवट असतेच. तिची बाराशे शब्दांपर्यंतची पानं १४ जूनला इतरांसारखीच द्या आणि त्या दिवशी झेरॉक्स काढायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

– ताई

(ता. क. : फोनच्या टोपलीत पहिला फोन चिटणीसांचा.)